‘डिस्क फॉरमॅट करा’ असं विंडोज म्हणतंय? आधी कॅन्सल दाबा

लग्नसराई संपत आली की आमच्या चिपळूणच्या दुकानात एक ठरलेलं दृश्य दिसतं. फोटो स्टुडिओवाला येतो, रुमालात गुंडाळलेली काळी एक्स्टर्नल हार्डडिस्क काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "दादा, काल रात्रीपर्यंत चालत होती. आज फॉरमॅट मागतेय." मी पहिला प्रश्न विचारतो, "दाबलंत का?" नाही म्हणाला तर मी चहा सांगतो. हो म्हणाला तरी चहा सांगतोच, पण मग बसून बोलावं लागतं.

हा बिघाड मी इतक्या वेळा हाताळलाय की त्याचा क्रम आता अंगवळणी पडलाय. तोच इथे लिहितो.

लक्षणं

आधी तुमचा आजार हाच आहे का ते बघा. डिस्क लावली की ‘धिस पीसी’मध्ये ई किंवा एफ असं अक्षर येतं, पण त्याखाली किती भरली ते दाखवणारी निळी पट्टी नसते. क्लिक केलं की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा निरोप. कधी त्याऐवजी ‘पॅरामीटर इज इनकरेक्ट’ किंवा ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असलं काहीतरी येतं. प्रॉपर्टीज उघडल्या तर जागा शून्य बाइट, आणि फाइल सिस्टिमपुढे (म्हणजे डिस्कवर फाइली लावून ठेवण्याची पद्धत) विंडोजच्या नेहमीच्या ‘एनटीएफएस’च्या जागी ‘रॉ’. काही डिस्क उघडतात, पण फोल्डरवर क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकते आणि अख्खं विंडोज गोठतं. काही नुसत्याच टिंग-टुंग करत जोडल्या जातात, सुटतात, पुन्हा जोडल्या जातात.

आणखी एक लक्षण आहे, त्याला मात्र मीही घाबरतो. डिस्कमधून एका लयीत टिक… टिक… टिक असा आवाज, किंवा काहीतरी घासल्यासारखी खरखर. तुमची डिस्क असा आवाज करत असेल तर ती आत्ता काढा, मधलं सगळं सोडा आणि थेट ‘इथे थांबा’ या भागावर जा. खालची एकही तपासणी तुमच्यासाठी नाही.

कॅन्सल कशासाठी

फॉरमॅट मागितलं म्हणजे डेटा गेला असं नाही. डिस्कवरच्या विभागाच्या (पार्टिशनच्या) सुरुवातीला एक छोटी नोंद असते: इथे कोणती फाइल सिस्टिम आहे, फाइलींचा तक्ता कुठून सुरू होतो. ती विंडोजला वाचता आली नाही, एवढाच त्या निरोपाचा अर्थ. सातबारा फाटला म्हणून जमीन कुठे जात नाही. पण त्याच पानावर दुसऱ्याच्या नावाची नोंद चढवली, की मग निस्तरणं आलं. क्विक फॉरमॅट नेमकं तेच करतं, जुन्या तक्त्याच्या जागी नवा कोरा तक्ता लिहितं. त्यातूनही बरंच परत येतं. पण ‘क्विक’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर विषय संपला, कारण व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितं.

म्हणून माझा क्रम एकाच गोष्टीवर बेतलेला आहे. डिस्कवर एक अक्षरही न लिहिता जे करता येईल ते आधी. लिहिणारं काहीही अगदी शेवटी, आणि तेही जमल्यास मूळ डिस्कवर नाही.

केबल आणि पोर्ट

हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी डिस्क नुसती केबल बदलून घरी परत गेल्या आहेत. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी मायक्रो-बी पिन दोन वर्षांत सैल होते. त्यात आमची कोकणातली हवा, जून ते सप्टेंबर पिनांवर ओल बसते. पिन हलली की डिस्कला वीज तुटक मिळते, वाचता वाचता मध्येच दम जातो, आणि विंडोज त्या अर्धवट उत्तराचा अर्थ ‘फॉरमॅट करा’ असा लावतं.

विजेचा हिशेब साधा आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, ३.० पोर्ट ९००. आतली चकती गती घेताना क्षणभर याहूनही जास्त ओढू शकते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत लांब वायरने जोडलेले असतात, म्हणून मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टात लावा. हब नको, एक्स्टेंशन तर नकोच. केबल आखूड आणि जाड घ्या. नवी केबल डिस्कच्या किमतीपुढे काहीच नाही.

लावल्यावर डिस्क तळहातावर अलगद धरा, हलवू मात्र नका. बारीक, एकसारखी थरथर जाणवली तर चकती फिरतेय. काहीच जाणवत नसेल आणि दुसऱ्या केबलवरही तेच असेल, तर घरगुती उपाय इथेच संपले.

दुसरा कॉम्प्युटर, आणि एक विसरलेला प्रश्न

शेजारच्याच्या लॅपटॉपवर लावून बघा. तिथे उघडली तर आधी डेटा उतरवून घ्या, मग आपल्या मशिनचं काय ते बघू.

नाहीच उघडली तर स्वतःला विचारा, ही डिस्क याआधी कुठे लावली होती? मागच्या वर्षी एक व्हिडिओ एडिटर रडवेला होऊन आला. डिस्कमध्ये तीन लग्नं. डिस्क ठणठणीत होती. पुण्यातल्या मित्राने ती आपल्या मॅकवर मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट करून त्यात फुटेज भरून दिलं होतं. विंडोजला ती फाइल सिस्टिम कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला विंडोजचं उत्तर एकच. मित्राच्या मॅकवरून विंडोज आणि मॅक दोघांनाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर कॉपी केलं, काम झालं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या आणि लिनक्सवर वापरलेल्या डिस्कचंही असंच होतं. टीव्हीला रेकॉर्डिंगसाठी लावलेल्या डिस्कचंही कधी कधी. ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क असेल तर तिच्यावर बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये किंवा ऑफिसच्या आयटीवाल्याकडे मिळते. ती नसेल तर कोणताही कारागीर, कितीही पैसे घेऊन, आतला डेटा काढू शकत नाही. जो ‘काढतो’ म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

डिस्क मॅनेजमेंट: फक्त बघायचं

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. लगेच ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी खिडकी आली तर तीही कॅन्सल. इनिशियलाइज केलं की विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो.

इथे फक्त दोन गोष्टी बघायच्या. डिस्कचं आकारमान बरोबर दिसतंय का? १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसणं बरोबर आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. पण १ टीबीची डिस्क शून्य, किंवा भलत्याच तीनचार जीबीची दिसत असेल, तर डिस्कला स्वतःचीच ओळख राहिलेली नाही. तो आतला, फर्मवेअरचा (डिस्क चालवणाऱ्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचा) आजार आहे आणि सॉफ्टवेअरने बरा होत नाही. थांबा.

दुसरी गोष्ट म्हणजे विभागाला अक्षर आहे का. विभाग ‘एनटीएफएस, हेल्दी’ दिसतो पण ई-एफ काहीच नाही, असं असेल तर नशीब काढलंत. राइट क्लिक करून नवं अक्षर द्या, डिस्क उघडेल. आकारमान बरोबर पण ‘रॉ’ असेल तर पुढे चला.

तब्येत मोजा

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते डिस्क चाळत बसत नाही, डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंदवही तेवढी वाचतं, म्हणून आजारी डिस्कवरही त्याचा फारसा भार पडत नाही. वर निळं ‘गुड’ किंवा पिवळं ‘कॉशन’ येतं, पण माझी नजर रंगाकडे जात नाही. तीन ओळी बघा: ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे). उजवीकडचे आकडे तिन्हींना शून्य हवेत. ते मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमलमध्ये येतात, म्हणजे तिथे १० दिसले तर ते सोळा समजायचे. हे ठाऊक नसल्याने लोक आकडे कमी समजतात.

सी७ ही ओळ वेगळी. ती वाढलेली असेल तर दोष बहुधा जोडणीचा असतो. उघड्या डिस्कच्या साटा केबलचा, किंवा एक्स्टर्नल डिस्कच्या डबीच्या आतल्या जोडाचा. चकतीचा नाही.

सी५ का महत्त्वाचा ते सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं, डेटा वाचणारं हेड तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला जातं. प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागतो, म्हणून विंडोज गोठतं. आणि हेड आधीच थकलेलं असेल तर प्रत्येक प्रयत्न त्याला आणखी थकवतो. अशा डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरची ‘डीप स्कॅन’ रात्रभर लावून झोपणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला परशुरामाचा घाट चढायला लावणं.

तर इथे वाट फुटते. तिन्ही शून्य असतील तर क्लोनचा भाग सोडून सरळ खालच्या टेस्टडिस्कच्या भागाकडे जा. आकडे असतील, पण लहान आणि स्थिर, तर आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. तासाभराने पुन्हा बघितल्यावर आकडे वाढलेले दिसले, तर डेटा किती मोलाचा आहे ते ठरवून थांबा.

चेकडिस्क नको

नेटवरचा पहिला सल्ला चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासणारं साधन, चालवा हा असतो. मी त्याच्या विरुद्ध आहे. चेकडिस्कचं काम तुमच्या फाइली वाचवणं नाही, फाइल सिस्टिम नीटनेटकी करणं आहे. जी नोंद जुळत नाही ती ते कापून टाकतं, आणि तेही मूळ डिस्कवर लिहून. एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने प्रेमाने रात्रभर चेकडिस्क चालवली. सकाळी डिस्क उघडत होती, पण आत ‘फाउंड.०००’ नावाचा एकच फोल्डर आणि त्यात हजारो ‘सीएचके’ तुकडे. लग्नाचे फोटो त्यातच होते, पण कोणतं कोणाचं लग्न हे लावायला आठवडा गेला. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज आपणहून ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ म्हणू लागलं तर सुरुवातीच्या काही सेकंदांत कोणतीही कळ दाबून ते टाळता येतं.

क्लोन

आजारी डिस्क एकदाच, शक्य तितक्या हळुवारपणे वाचायची आणि तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. यासाठी तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची कोरी डिस्क लागते, म्हणून हा खर्चाचा टप्पा. पण ही डिस्क पुढे बॅकअपला लागणारच आहे.

मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. विंडोजची साधी कॉपी खराब सेक्टरपाशी अडून बसते. हा प्रोग्रॅम सोपा भाग आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि कठीण जागांकडे शेवटी वळतो. कुठपर्यंत आलो हे तो मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. फक्त ती मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवायला विसरू नका. चांगली १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने तीनेक तासांत उतरते. खराब असेल तर दोन-तीन दिवसही लागतात. पंखा लावून ठेवा, डिस्क तापते.

आता या टप्प्यातला खरा धोका. सोर्स आणि डेस्टिनेशनची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरते, आणि त्यानंतर देवही काही करू शकत नाही. मी गिऱ्हाइकाच्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावतो, दोन्हींचे सिरियल नंबर कागदावर लिहितो आणि एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचतो. दुकानातली पोरं हसतात. हसू देत. तुम्हाला हे करताना हात थरथरत असेल तर हा टप्पा माझ्यासारख्या कोणाकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

टेस्टडिस्क, मग फोटोरेक

दोन्ही मोफत, दोन्ही ख्रिस्तोफ ग्रेनिएर यांनी लिहिलेले, आणि दोन्ही एकाच झिपमध्ये मिळतात. काळा पडदा बघून दचकू नका.

टेस्टडिस्क हरवलेला विभाग शोधतं. ‘अॅनालाइज’, मग ‘क्विक सर्च’. विभाग सापडला की ‘पी’ दाबा, आतल्या फाइलींची यादी येते. नावं बरोबर दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. तिथूनच ‘सी’ दाबून त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात, मूळ डिस्कवर काहीही न लिहिता. एनटीएफएस सुरुवातीच्या नोंदीची एक नक्कल विभागाच्या शेवटी ठेवतं. नुसती पुढची नोंद बिघडली असेल तर टेस्टडिस्क शेवटची नक्कल पुढे आणून बसवू शकतं आणि ‘रॉ’ डिस्क दोन मिनिटांत उघडते. मोह होतो, पण ते लिहिणं आहे. आधी फाइली बाहेर काढा.

तक्ताच गेला असेल तर फोटोरेक. ते नावं बघतच नाही. डिस्क सरळ वाचत जातं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं. जेपेग फाइल ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते, तशा शेकडो प्रकारांच्या खुणा त्याला ठाऊक आहेत. फोटो परत येतात, पण नावं आणि फोल्डर जातात. फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत असते, त्यावरून लावून घ्यायचे. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्यांत विखुरलेले असतील तर अर्धवट येतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटाचं तर फोल्डरसकट परत आल्याशिवाय काहीच खरं नसतं, म्हणून दुकानदारांना मी आधीच सांगतो की टेस्टडिस्कवर देव पाण्यात ठेवा.

परत मिळालेलं त्याच डिस्कवर कधीही साठवू नका. अजून न सापडलेल्या फोटोंवर तुम्ही सापडलेले फोटो लिहाल.

एसएसडीवरून (चकती नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवरून) डिलीट झालेल्या फाइलींसाठी हा खटाटोप बहुतेक वेळा फुकट जातो. ट्रिम नावाची सोय डिलीट केलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं एसएसडीला कळवते आणि ती त्या पुसून टाकते. आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील, तर तो डेटा गेलेला नाही, व्हायरसने लपवलाय. शॉर्टकटवर डबल क्लिक न करता अँटिव्हायरस चालवा आणि लपलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू करा.

इथे थांबा

टिकटिक किंवा खरखर येतेय, डिस्क पडलीय, फिरतच नाही, आकारमान भलतंच दिसतंय, सी५ डोळ्यांदेखत वाढतोय किंवा डिस्कमध्ये पाणी गेलंय. यातलं एकही असेल तर आपलं काम संपलं. माझंही. मी डिस्क उघडत नाही, आणि उघडतो म्हणणाऱ्या साध्या दुकानात देऊही नका. धुळीचा एक कण त्या हेडपुढे दगडासारखा असतो. डिस्क उघडायची तर क्लीन रूम लागते, ती मुंबई-पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये असते.

फ्रीजरमध्ये ठेवणं हा जुना सल्ला विसरा, बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड लावणंही चालत नाही. बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांची जुळणी लिहिलेली असते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर असतं आणि बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहितं, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. म्हणून डबी फोडून आतली डिस्क कॉम्प्युटरला लावू, हा बेतही फसतो.

लॅबला फोन करताना विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास किती, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि काम क्लोनवर करणार ना. बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतं. साखरपुड्याच्या फोटोंसाठी ते द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण डिस्क लॅबला देण्याआधी चार सॉफ्टवेअरं चालवून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाने त्यांचं काम कठीण होतं.

पाण्यात गेलेली डिस्क वाळवू नका. हे उलटं वाटतं, पण पाणी आटलं की त्यातला गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. ओलसर फडक्यात गुंडाळा, हवाबंद पिशवीत घाला आणि तशीच पाठवा. वीज अजिबात लावू नका.

बॅकअपबद्दल, कारण विचाराल

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिखलाने भरलेल्या डिस्कच्या पिशव्या आल्या. त्यातल्या कित्येकांनी बॅकअप घेतला होता. नियमित, शहाण्यासारखा. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात होती.

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी ३-२-१चा नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. मी स्टुडिओवाल्यांना त्यातला ‘एक’ आधी करायला लावतो. दोन डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. दर शुक्रवारी एकीवर कॉपी करा आणि ती घरी न्या, घरची दुकानात आणा. घर उंचावर असेल तर उत्तम. खाली असेल तर बहिणीकडे ठेवा. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, कारण कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की मुख्य डिस्कबरोबरच जाते. गुगल ड्राइव्हचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे डिलीट केलं की थोड्या वेळात तिकडेही जातं. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या साधनाची ‘एमआयआर’ आज्ञा वापरणाऱ्यांनीही जपून: मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला तर ती बॅकअपही इमानेइतबारे रिकामा करते.

३१ मार्चला जगात बॅकअप दिन पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपतं आणि हिशेबनीसांना जेवायलाही फुरसत नसते, त्यामुळे तो दिवस कोणाच्या लक्षात राहात नाही. तुम्ही तुमचा वार ठरवा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या कुठल्याही दहा फाइली उघडून बघा, नुसती यादी नव्हे. दुसऱ्या डिस्कवर दोन वर्षं कॉपी चाललेली असते आणि उघडल्यावर कळतं की फक्त फोल्डरच उतरत होते, हे मी पाहिलंय.

डेटा मिळाला म्हणून जुनी डिस्क त्याच दिवशी भंगारात देऊ नका. मिळालेल्या फोल्डरात बारसं आहे पण बारशाचा व्हिडिओ नाही, हे बहुतेकांना दोनेक महिन्यांनी आठवतं. तोवर तिच्यावर लाल पट्टी चिकटवा, ‘वापरू नये’ लिहा आणि खणात ठेवा. यावेळी वरच्या खणात.